बदकोबाच्या पोटातलं 'परे'

मी एक शब्द बोलतोय. हो, शब्दच. फाटकी छत्री बोललेली तुम्ही ऐकली असेल, मोडकी खुर्ची रडलेली ऐकली असेल. त्या बिचाऱ्यांना बोलायला तोंड उसनं आणावं लागतं. माझं बरं आहे. मी मुळात राहतोच तोंडात.

माझं नाव बदकोबा. अर्थ विचाराल तर नर बदक, बस्स. पण एवढ्याशा अर्थापायी मी जे काही पाहिलं ते ऐकलंत तर हसून हसून तुमच्या पोटात दुखेल. माझ्या पोटात तर जन्मापासूनच दुखत होतं, कारण तिथे एक 'परे' अडकलेलं होतं. ते कसं अडकलं, ते आधी सांगतो.

माझी आई म्हणजे 'बदक' हा शब्द. जुनी आणि सोशीक. लांबच्या भाषांमधून फिरत फिरत इकडे आली म्हणतात. आई असूनही तिला सगळे 'ते बदक' म्हणतात, पण तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आमच्या घरात उणीव एकच होती. कोंबडीच्या घरी कोंबडा होता, लांडोरीच्या घरी मोर होता, मांजराच्या घरी बोका मिशा फुगवून बसलेला होता. आमच्याच घरात कर्ता पुरुष नव्हता. कुणाला अगदीच गरज पडली तर 'नर बदक' असं म्हणून वेळ मारून नेत. ऐकायला कसं वाटतं? दवाखान्यात नाव पुकारल्यासारखं.

तर एका गल्लीच्या टोकाला एक बेकरी होती. पुढे दुकान, मध्ये भट्टी, मागे अंगण आणि अंगणात सिमेंटचा हौद. बेकरी आत्याची. भट्टीवर तिचा भाचा. बदकाच्या अंड्यानं केक जास्त फुगतो, असं आत्याचं ठाम मत होतं, म्हणून तिनं हौदात बदकं पाळली होती. पाच अंडी देणारी आणि एक नुसतंच देखणं.

त्या देखण्याकडे नीट बघा, कारण माझा जीव त्याच्या जिवाला टांगलेला होता. हिरवी मान, पांढरा गळपट्टा, आणि शेपटीवर दोन पिसं अशी वर वळलेली की जणू आत्ताच कुणी बोटावर गुंडाळून सोडली आहेत. मादी ओरडते तेव्हा चार घरांना ऐकू जातं. याचा आवाज मात्र घोगरा, कायमची सर्दी झाल्यासारखा.

असाच आवाज त्या घरात आणखी एकाचा होता. आत्याच्या यजमानांचा, म्हणजे आतोबांचा. भाचा त्यांना आतोबा म्हणे, म्हणून सगळी गल्लीच म्हणू लागली होती, त्यांच्या वयाचे म्हातारेसुद्धा. आतोबा बसमध्ये कंडक्टर होते. जन्मभर 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडून त्यांचा आवाज बसला, तो निवृत्त झाल्यावरही उठला नाही. मानेवरच्या केसांची एक बटही नेमकी तशीच वर वळलेली. दिवसभर ते अंगणात पालथ्या क्रेटवर बसत आणि तो देखणा त्यांच्या पायाशी. एक घोगरं बोलायचा, दुसरा घोगरं उत्तर द्यायचा. आत भट्टीपाशी आत्याला कळायचं नाही, कोण काय म्हणालं. ती दोघांनाही मिळून एकच सांगायची, "चहा मिळणार नाही."

आता माझा जन्म.

शेजारच्या गाळ्यात पाट्या रंगवणारी एक मुलगी होती. सगळे तिला पाटीवालीच म्हणत. 'बदकाची ताजी अंडी मिळतील' अशी पाटी आत्यानं तिला करायला सांगितली, वर एक बदकाचं चित्रही हवं होतं. पाटीवाली रंगाचे डबे घेऊन अंगणातच बसली आणि हौदातलं सगळ्यात देखणं बदक निवडून तिनं ते हुबेहूब उतरवलं. तेवढ्यात भाचा पावांचा ट्रे घेऊन मागल्या दाराशी आला. हा भाचा फार लाजाळू. पिठाशी तासन्‌तास बोलेल, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की कान लाल. तरी त्या दिवशी त्याला राहवेना.

"हे... हे अंडी देत नाही," तो ट्रेकडे बघत म्हणाला.

"कोण?"

"पाटीवरचं."

"ते चित्र आहे हो. चित्र कसं अंडी देईल?"

"नाही, म्हणजे ज्याचं काढलंय ते. शेपटीला वळण आहे ना, तो नर आहे."

पाटीवालीनं ब्रश खाली घेतला. पाटीकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं. "अगंबाई. म्हणजे अंड्यांच्या पाटीवर मी बाप्या बसवला?"

"हं."

"आणि याला म्हणतात काय? कोंबडीचा कोंबडा, तसा बदकाचा कोण?"

भाच्याला ठाऊक नव्हतं. पण ती मान वर करून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. त्यानं धीर करून तोंड उघडलं. "बदक..." म्हणाला आणि अडकला. नेमका तेव्हाच, ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो मागून डुलत आला. ट्रे उंच, पाव काही मिळेना. जवळ होती ती भाच्याची पोटरी. त्यानं कचकन चोच लावली.

"ओ बा..."

भाच्याला म्हणायचं होतं 'ओ बाप रे'. पण मुलीसमोर बोंबलायचं कसं? म्हणून त्यानं ओठ घट्ट मिटले, आणि उरलेलं 'परे' माझ्या पोटातच राहून गेलं. बदक, ओ आणि बा. झालो मी तयार. अर्धा शब्द, अर्धी बोंब.

"बदकोबा," पाटीवाली म्हणाली. नवीन पदार्थाची चव घ्यावी तशी पुन्हा म्हणाली, "बदकोबा. आपल्या आतोबांसारखं. छान आहे की."

भाचा पोटरी चोळत कसनुसं हसला. नाही म्हणायला त्याच्याकडे आवाजच उरला नव्हता. पाटीवालीनं चित्रातली वळलेली पिसं पुसून सरळ केली, बाप्याची बाई केली आणि मला तोंडात घेऊन घरी गेली.

काय दिवस होते ते. तिच्या तोंडातून मी तिच्या आईच्या कानात, तिथून नळावर, नळावरून परत बेकरीच्या फळीपाशी. मी म्हणजे मागल्या दारानं बाहेर पडून पुढल्या दारानं घरात आलो. आणि माझ्या शेवटी 'ओबा' असल्यामुळे एक गंमत झाली. लोक आपोआप अहो-जाहो करू लागले. काल ज्याला "हाड" म्हणत, त्याच्याविषयी आज "बदकोबा उठले का?" "बदकोबा आज रुसलेत वाटतं." मी तर हवेत होतो. पण एक गोष्ट मला विसरता येत नव्हती. सबंध जगात मी एकाच बदकाचा शब्द होतो. ते गेलं की मला कोण विचारणार?

आणि जायची वेळ लवकरच आली. अंडी कमी होऊ लागली.

"हा बदकोबाच फोडून खातो," आत्या म्हणाली.

"तू बघितलंस?" आतोबांनी क्रेटवरून विचारलं.

"बघायला कशाला हवं. तोंडच सांगतंय त्याचं."

"चोच आहे ती."

"तुम्ही मध्ये बोलू नका. वकिली करायला बरे सापडलात त्याला."

तेवढ्यावर भागलंही असतं. पण त्याच सकाळी दोन मजली लग्नाचा केक सजवून मागल्या खोलीत ठेवलेला होता, आणि बदकोबा खालच्या मजल्याची पूर्ण प्रदक्षिणा करून आले. पांढऱ्या क्रीमवर तीन-तीन बोटांची पावलं, सगळी एका अंतरावर.

आतोबा वाकून बघत म्हणाले, "नक्षी वाईट नाही."

आत्या काही बोलली नाही. ती बोलत नसे तेव्हाच घाबरायचं असे. तिनं सगळी क्रीम खरवडली, पुन्हा लावली, हात धुतले आणि भाच्याला हाक मारली. रागावली की आत्या अहो-जाहो जास्तच करायची.

"कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याकडे जा. म्हणावं, बदकोबांना येऊन घेऊन जा. खातात भरपूर, काम शून्य. दिवसभर अंगणात डुलत फिरतात, आवाज ऐकून डोकं उठतं. आता या घरात ठेवण्यात अर्थ नाही."

खानावळीत गेलेलं बदक परत येत नाही, हे सांगायला नको. आतोबांनी विरोध केला नाही. नुसते उठले आणि हौदाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्याशी त्यांच्याच आवाजात बोलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

भाचा निघाला. मी त्याच्या जिभेवर थरथरत होतो. माझ्याच मरणाचा निरोप, आणि तो पोचवायला मीच.

खानावळीत दुपारच्या जेवणाची घाई. तवे, झारे, पातेली, सगळा खडखडाट. भाचा दारात उभा राहून तोंडातल्या तोंडात पुटपुटला, आणि त्या गोंधळात माझं डोकंच उडालं. 'बदक' एका पातेल्याखाली चिरडलं गेलं, 'ओबांना' तेवढं खानावळवाल्याच्या कानापर्यंत पोचलं. मी थोड्याच दिवसांचं पोर. त्यानं मला अजून ऐकलेलंही नव्हतं. त्या घरातला एकच 'ओबा' त्याला माहीत होता.

त्याच्या हातातला झारा हवेत राहिला. "घेऊन जाऊ?"

भाच्यानं मान डोलावली.

"पुन्हा सांग. काय म्हणाली आत्या?"

भाच्यानं बाकीचं सगळं सांगितलं. खातात भरपूर, काम शून्य, डुलत फिरतात, आवाज. हे मात्र अक्षर न अक्षर पोचलं.

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"मी काय बोलणार," भाचा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. खानावळवाल्यानं झारा खाली ठेवला आणि गडी माणसाला हातगाडी काढायला सांगितली.

थोड्या वेळानं तो बेकरीच्या अंगणात आला. हातगाडीवर धुतलेली सतरंजी, उशीसुद्धा. तो थेट आतोबांपुढे जाऊन उभा राहिला.

"चला आतोबा."

"कुठं?"

"माझ्याकडे. खिडकीपाशी खाट टाकलीय. वाटलं तर गल्ल्यावर बसा, नाही वाटलं तर नुसते बसा. दोन वेळचं जेवण काही मला जड नाही."

आत्या पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय चाललंय हे?"

"वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," खानावळवाला म्हणाला. "माणूस थकला म्हणून कुणी असं घालवतं?"

"कुणाला घालवलं मी?"

"निरोप तुमचाच ना? खातात भरपूर, काम शून्य. दिवसभर अंगणात डुलत फिरतात. आवाज ऐकून डोकं उठतं. आता ठेवण्यात अर्थ नाही."

बदकोबाही चोच मिटून बसले. आत्याच्या बोटांवरचं पीठ तसंच राहिलं. आणि आतोबा हळूच क्रेटवरून उठले. कुणाविषयी बोललं जातंय, असं त्यांनी विचारलंच नाही.

"त्यात खोटं काय आहे," ते घोगरं म्हणाले. "पिशवी घेतो."

"अहो, बसा खाली," आत्या म्हणाली. तिचाही आवाज त्या घटकेला घोगराच होता. "ते तुमचं नव्हतं. ते बदकोबांचं होतं."

"कोण बदकोबा?" खानावळवाला म्हणाला.

भाच्यानं बोट दाखवलं. बदकोबांनी मान उंच केली आणि आपली कायमची सर्दी ऐकवली. खानावळवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं, मग सतरंजीकडे. "हात्तिच्या. बदक होय. द्या मग. गाडी आणलीच आहे."

"न्या," आतोबा म्हणाले. "पण दोघांनाही न्या."

"दोघं कशाला?"

"गुन्हा दोघांचा एकच आहे. तो खातो, मीही खातो. तो फिरतो, मीही फिरतो. अंडं आजवर मीही दिलेलं नाही. त्याला एक शिक्षा आणि मला दुसरी, हे काही बरोबर नाही."

मी भाच्याच्या जिभेवरून आत्याच्या तोंडाकडे बघत होतो. माझं सगळं आयुष्य त्या तोंडात होतं. आत्यानं हात पदराला पुसले. आधी एक, मग दुसरा. मग म्हणाली,

"खानावळवाले, उद्या पाव किती पाठवू?"

"नेहमीचेच. पण बदकोबांचं काय?"

"कुठल्या बदकोबांचं म्हणताय? आमच्याकडे दोन आहेत. दोघंही द्यायचे नाहीत."

खानावळवाला हसत हसत रिकामी गाडी घेऊन गेला. उशी मात्र ठेवून गेला. "क्रेटवर घ्या आतोबा, टोचत असेल." संध्याकाळपर्यंत त्या उशीवर बदकोबा बसलेले होते आणि आतोबा पुन्हा क्रेटच्या कडेवर.

अंड्यांचं गूढ राहिलंच होतं. तेही पुढे उकललं. भट्टीमागे रिकाम्या पोत्यांचा ढीग असतो. आत्या एक पोतं ओढायला गेली तर ढीग आतून फिस्सकन ओरडला. पाहते तर पोत्यांच्या खळग्यात एक बदक ठाण मांडून बसलेलं, पोटाखाली घरातली सगळी हरवलेली अंडी. आणि त्यातल्या एका अंड्यातून ओली पिवळी चोच बाहेर आलेली.

"बाप रे," आत्या म्हणाली.

मला काय झालं म्हणून सांगू. जन्मापासून पोटात टोचणारं ते 'परे' अलगद सुटलं. मी इतके दिवस स्वतःला अपुरा समजत होतो. वाटायचं, भाच्यानं तोंड मिटलं नसतं तर मी पूर्ण झालो असतो.

"काय झालं गं?" आतोबांनी बाहेरून विचारलं.

"बाप झाला तुमचा बदकोबा."

ऐकलंत? बदक, ओ आणि बा. बा म्हणजे बापच की. कुठं काय राहिलं होतं?

त्या दिवशी अंगणातून एक घोगरा आवाज आला. कुणाचा, ते आत्याला नेहमीप्रमाणे कळलं नाही. ती म्हणाली, "आणते चहा."

आता माझं बरं चाललंय. पिल्लं मोठी झाली, त्यातल्या काहींच्या शेपटीला वळण आलं, आणि मी एकाचा होतो तो अनेकांचा झालो. शेजारपाजारी गेलो. माझे अर्थही वाढले. एखादा नवरा आरशापुढून हलत नसला की बायको म्हणते, "आमचे बदकोबा तयार होतायत." घसा बसला की माणसं म्हणतात, "आज माझा बदकोबा झालाय." कुणी काही न करता नुसतं सोबतीला बसून राहिलं, तर त्यालाही माझंच नाव देतात, आणि तो अर्थ मला सगळ्यात आवडतो. पाव न्यायला एक गुरुजी येतात. त्यांनी एकदा फळीवर हात ठेवून समजावलं, "वाघोबा, नागोबा, तसाच हा बदकोबा. यातला ओबा आदराचा." भाचा अगदी मन लावून ऐकत होता आणि त्याचा एक हात नकळत पोटरीकडे गेला होता. गुरुजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बोंब आधी आली, आदर मागून आला, एवढंच.

परवा पाटीचा रंग उडाला म्हणून पाटीवाली पुन्हा अंगणात बसली. पुसलेली दोन पिसं तिनं परत वर वळवली. शेजारी अंडी देणारं एक बदक काढलं आणि पिल्लंही. भाचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला. पाव गार झाले.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "बदकोबा असा शब्द नव्हताच. मला तेव्हा बदक चावलं होतं."

"माहीत आहे," ती ब्रश न थांबवता म्हणाली. "मी समोरच होते की."

"मग तुम्ही तसं का म्हणालात?"

"तुम्ही पहिल्यांदाच माझ्याशी काहीतरी बोलत होतात. ते वाया कसं जाऊ देऊ?"

भाच्याचे कान असे लाल झाले की भट्टीची गरज उरली नाही. पण या वेळी तो आत पळाला नाही. ट्रे खाली ठेवून तिच्या शेजारी बसला. तेव्हा मला कळलं की मी एकट्या त्याच्या तोंडातून आलेलो नाही. त्यानं मला सांडलं होतं आणि तिनं मला झेललं होतं.

तर वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. कधी तळ्याकाठी, हौदापाशी शेपटीला वळण असलेलं, सर्दी झाल्यासारखं बोलणारं एखादं बदक दिसलं तर त्याला नर बदक म्हणून दवाखान्यात पाठवू नका. मला एकदा मोठ्यानं म्हणा. चोचीपासून पोटरी जरा लांब ठेवा. आणि नाहीच ठेवता आली, तर तोंडातून जे निघेल ते गिळू नका. शेजारी कुणीतरी ते झेलायला उभं असेल.

येतो मी. अंगणातून घोगरी हाक आली आहे. दोघांपैकी कुणाची ते मलाही कळत नाही, पण जायला हवं.